भर मे महिन्यात मुंबईच्या भिंती आणि गाणी कशी शोधायची

मी सोलापूरचा. बेचाळीस डिग्रीचं ऊन अंगवळणी पडलेलं, त्यामुळे मुंबईत पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा मोबाइलवर ३४ चा आकडा बघून हसलो होतो. पंधरा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला आणि हसू मावळलं. सोलापुरात लिंबाच्या सावलीत गेलं की बरं वाटतं. इथे सावलीतसुद्धा घाम थांबत नाही.

तरीही मुंबईत नव्यानं आलेल्यांना मी शहर पाहायला मेमध्येच सांगतो. शाळा बंद असतात, अर्धी लालबाग-परळ कोकणात गेलेली असते, लोकलमध्ये निदान टेकायला जागा मिळते. काळा घोडा महोत्सवासारखे मोठे उत्सव फेब्रुवारीतच उरकलेले असतात. मग उरतं ते कुणीही आयोजित न केलेलं शहर: गल्लीतली चित्रं, डब्यातलं भजन, रस्त्यावरची हळद. माझ्या मते खरी मजा त्यातच आहे. फक्त दिवस उन्हाच्या हिशेबानं आखावा लागतो.

आधी ऊन आणि वारा समजून घ्या

मुंबईचा मे तापमानापेक्षा दमटपणानं छळतो. हवेत आधीच इतकं पाणी असतं की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. याला उपाय एकच, समुद्राचा वारा. सकाळी ऊन चढतं तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत शिरते. एरवी हा वारा दुपारच्या आत येतो आणि पारा चौतिशीच्या आसपास अडतो. पण पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून येणारा कोरडा वारा जोरात असला, तर समुद्राचा वारा उशिरा येतो. तोवर सांताक्रूझच्या वेधशाळेतला पारा चाळिशीला टेकलेला असतो. तिथला विक्रम ४२.२ अंशांचा आहे, १४ एप्रिल १९५२ चा. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासून सुरू करतं. मैदानी भागात तोच आकडा ४० आहे. म्हणून गावाकडच्या हिशेबानं "अडतीसच तर आहे" असं म्हणू नका.

वारा फिरला की नाही हे कळायला अॅप लागत नाही. अकराच्या सुमारास कुठल्याही चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघा. कपडे पूर्वेकडे, म्हणजे समुद्राकडून आत फडफडत असतील तर दिवस निभेल. नुसतेच लोंबत असतील किंवा उलटे उडत असतील तर सरळ एसी असलेली जागा गाठा.

दिवस असा लावायचा: भिंती सकाळी साडेसहा ते दहा. अकरा ते साडेचार छताखाली. पाचनंतर पुन्हा बाहेर, आणि गाणं रात्री. मेच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातनंतर मावळतो, म्हणजे दोन्ही टोकांना भरपूर उजेड मिळतो.

आणखी एक गोष्ट. १५ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे सूर्य मुंबईच्या बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. मी नेमका अशाच दुपारी पहिल्यांदा वांद्र्याच्या गल्ल्यांत चित्रं बघायला गेलो होतो. ऊन वरून सरळ खाली येत होतं, त्यामुळे भिंतीवर पडतच नव्हतं. चित्रं सगळी मळकट दिसत होती. चौथ्या फोटोनंतर फोन तापून बंद पडला. मीही एका घराच्या पायरीवर बसलो. आतून एका आजींनी खिडकी उघडली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. "सकाळी यायचं ना बाळा," एवढंच म्हणाल्या. हा लेख मुळात त्यांच्या त्या एका वाक्याचा आहे.

पिशवीत काय हवं

सुती सैल कपडे, टोपी, मोठा रुमाल (हातरुमाल नव्हे, पंचासारखा), एक लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं. पायात पट्ट्यांच्या चपला. बूट घातलेत तर संध्याकाळी पश्चात्ताप होईल. सुटे पैसे ठेवा. ताडगोळेवाल्याकडेही आता क्यूआर कोड असतो, पण नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं.

पहिली सकाळ: वांदरे

एकच सकाळ हातात असेल तर वांद्र्याला द्या. स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, हिल रोडनं चालत किंवा रिक्षानं निघा आणि चॅपल रोडच्या तोंडाशी उतरा. रिक्षावाल्याला "चॅपल रोड, माउंट कार्मेल चर्चजवळ" म्हटलं की पुरे. रिक्षाचं सुख वांदरे-सायनपर्यंतच आहे हेही इथेच सांगून टाकतो. त्याच्या दक्षिणेला रिक्षांना बंदी आहे, तिथे काळी-पिवळी टॅक्सी, बस नाहीतर पाय.

चॅपल रोड अरुंद आहे. दोन्ही बाजूंना जुनी बैठी घरं, लाकडी जिने, कौलं, मध्येच एखादा नवा टॉवर घुसलेला. आणि भिंतींवर चित्रं: कुठे अख्ख्या घराच्या बाजूवर एक चेहरा, कुठे मीटरच्या पेटीवर छोटंसं मांजर. या भागात भिंतींवर सिनेमा आणला तो रणजीत दहिया या चित्रकारानं. हरियाणातून आलेला हा माणूस सुरुवातीला भिंतींना चुना लावायचं काम करायचा. २०१२ मध्ये त्यानं बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि जुन्या हिंदी सिनेमांची हातानं रंगवलेली पोस्टरं असतात त्या धर्तीवर घरांच्या भिंती रंगवायला घेतल्या. त्याचंच एक भलंमोठं काम रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर आहे: दादासाहेब फाळके, २०१४ सालचे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या आपल्या माणसाचा एवढा मोठा चेहरा शहरात दुसरीकडे बघितल्याचं मला आठवत नाही. तो जवळून बघू नका, नुसते रंगांचे चौकोन दिसतील. रस्ता ओलांडून लांब जा, मगच चेहरा जुळतो.

चॅपल रोडवरून वरोडा रोडकडे वळलात की रनवार लागतं. रनवार हे वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे गावठाणातल्या वस्त्यांपैकी एक. इथले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन, म्हणजे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले इथलेच लोक. त्यांची घरातली बोली मराठीच आहे. जीन्स-टीशर्टमधल्या अंकलना इंग्रजीत रस्ता विचारण्यापेक्षा मराठीत विचारून बघा, गप्पांना वेगळीच फोडणी बसते. गल्लीच्या चौकात पांढरा क्रूस दिसेल. मे हा मारियामातेचा महिना. संध्याकाळी अशा क्रूसांपाशी फुलं वाहून शेजारपाजारचे जमतात, प्रार्थना म्हणतात, गातात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. सकाळी चित्रं बघायला गेलात तर संध्याकाळी क्रूसाजवळ काही आहे का ते विचारून ठेवा. मागच्या बाजूला गप्प उभं राहिलं तर कुणी हाकलत नाही, चणेही मिळतात.

इथे यादी घेऊन फिरू नका. इंटरनेटवरच्या 'दहा बघायलाच हवीत' अशा चित्रांतली निम्मी तुम्हाला सापडणार नाहीत. घर पाडलं की चित्र गेलं. मालकानं नवा रंग दिला की गेलं. उरलेल्यांना पावसाळा आणि खारी हवा खाते. म्हणूनच मे चांगला: भिंती महिनोन्‌महिने कोरड्या असतात, नव्या कामांचे रंग अजून टवटवीत असतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंती सकाळी बघा, पश्चिमेकडच्या संध्याकाळी पाचनंतर.

फोटोचा नियम सोपा आहे. भिंतीचा काढा, उघड्या दाराचा काढू नका. ते कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. दारात कुणी बसलं असेल तर आधी विचारा. प्री-वेडिंगवाल्यांच्या गर्दीला लोक कंटाळलेत, त्यामुळे चेहरे कधी कधी तुसडे असतात. तो राग तुमच्यावर नसतो, पण तुम्ही वाढवूही नका.

दहा वाजले की हिल रोडच्या टोकाला मेहबूब स्टुडिओवरून पुढे बँडस्टँड आणि वांद्र्याचा किल्ला गाठा, तिथे झाडं आहेत. बँडस्टँड हे नाव इथे पूर्वी बँड वाजायचा त्यावरून पडलं. आता वाजतात त्या बुलेट मोटारसायकलीच.

दुपार: जमिनीखाली आणि छताखाली

रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्याचं, वेळापत्रक बघाच. भर दुपारी स्टेशनच्या पत्र्याखाली चाळीस मिनिटं उभं राहिलात तर सगळा उत्साह जाईल. एसी लोकल मिळाली तर उत्तम. पण नव्यानं आलेल्यांना आता माझा पहिला सल्ला भुयारी मेट्रोचा असतो. आरे ते कफ परेड ही तीन नंबरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. बीकेसीला (वांदरे-कुर्ला संकुलात) चढा, हुतात्मा चौकाला उतरा. अख्खा प्रवास गारव्यात.

वर आलात की काळा घोडा पाच-सात मिनिटांवर. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. आतली चित्रं पटतील न पटतील, पण बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार स्टूल टाकून बसलेले असतात त्यांच्याजवळ थांबा. समोर बसवून कोळशानं चेहरा काढून देतात. पैसे आधी ठरवा. माझा काढणाऱ्या काकांनी नाक माझ्या वडिलांचं काढलं होतं. त्यांनी माझ्या वडिलांना कधी बघितलेलं नाही. चौकातला घोडा बिनस्वाराचा आहे, २०१७ मध्ये बसवलेला. ज्याच्यावरून परिसराला नाव पडलं तो काळा घोडा, पाठीवर इंग्रज राजपुत्राला घेऊन, १९६५ पासून भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे.

चर्चगेटला स्टेशनजवळच्या रेल्वेच्या इमारतीवर गांधीजी आहेत, ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रानं २०१७ मध्ये रंगवलेले. त्या वाटेनं गेलात तर मान वर करा, मुद्दाम जायची गरज नाही. कुलाब्याचं ससून डॉक १८७५ चं. २०१७ च्या शेवटी तिथे मोठा कलाप्रकल्प झाला, तेव्हापासून चित्रकारांचा या भागावर डोळा आहे. तिकडे जायचं तर पहाटे, मासळीचा लिलाव चालू असताना, आणि ३१ मेच्या आत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. पायात वाहणारं बर्फाचं पाणी, डोक्यावर पाट्या घेऊन धावणाऱ्या बायका आणि त्यांच्या वाटेत उभे राहून फोटो काढणारे आपण, असा प्रसंग टाळा. मावशी "बाजूला हो रे" म्हणाली की बाजूला व्हायचं. आत कॅमेरा चालेल का हे गेटवरच्या माणसाला आधी विचारा.

माहीम जंक्शनच्या पूर्वेलाही रंगवलेल्या इमारती आहेत. तुळशी पाइप रोडची रेल्वेची लांबच लांब भिंत २००९ मध्ये शेकडो हौशी लोकांनी मिळून रंगवली होती. आता तिथे फारसं काही उरलेलं नाही, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

प्यायचं काय

दर दोन तासांनी काहीतरी प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. रस्त्यावर ताडगोळे दिसले की थांबा. वरची साल तिथेच काढून घ्या, नाहीतर पिशवीत काळे पडतात. कोकम सरबत, पन्हं, उसाचा रस (बर्फ नको म्हणा). दादरला असाल तर पियूष. गिरगाव चौपाटीवरचा बर्फाचा गोळा मी खातो. तुम्ही कालच मुंबईत आला असाल तर पोटाला आठवडाभर सवय होऊ द्या.

संध्याकाळ: गाणं कुठे ऐकायचं

तिकीट काढून ऐकायचं असेल तर नरिमन पॉइंटचं एनसीपीए, सायन-किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ ही नावं पुरेत. आपल्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर गाण्याचे कार्यक्रमही असतात, शनिवार-रविवारचा पेपर विकत घ्या. नाट्यगृहात शाल किंवा जाकीट न्या, आत हिमालय असतो.

पण मी म्हणतो ते गाणं तिकिटाचं नाही.

पहिलं, लोकलमधलं भजन. सकाळी विरार, कल्याण, कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांत रोज त्याच डब्यात तीच मंडळी भेटतात. एकाच्या पिशवीतून टाळ निघतात, दुसऱ्याकडे ढोलकी. टाळ कमी पडले तर डब्याचा पत्राच ताल धरतो. कपाळाला बुक्का, खांद्याला ऑफिसची बॅग आणि तोंडी तुकोबा. रेल्वेला आणि झोपमोड होणाऱ्यांना हे दर वेळी रुचतं असं नाही, त्यावरून वादही होतात. तुम्ही नवे असाल तर त्यांच्या घोळक्यातली रिकामी खिडकी पकडू नका. ती पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्या कुणाची तरी असते. "माऊली, इथे उभा राहू का?" म्हणा. दुसऱ्या अभंगाला तुमच्या हातात टाळ येतो.

दुसरं ठिकाण धोबी तलाव. मेट्रो सिनेमाच्या चौकात जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोवेकरांचे कूड आहेत, म्हणजे गावागावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत ठेवलेली राहायची सोय. बोटीवर जाणारे खलाशी इथे उतरायचे आणि वाजवणारेही. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा केवढा भरणा होता! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. जवळच फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान आहे. विकत घ्यायचं नसलं तरी आत जा. कुणीतरी पोरगा गिटार तपासत बसलेला असतोच.

तिसरं, रॅप. गली रॅप हे नाव मुंबईनंच रूढ केलं. अंधेरीच्या जे.बी. नगरचा डिव्हाइन, कुर्ल्याचा नेझी ही त्यातली आधीची नावं. नेझीनं २०१४ मध्ये आपलं पहिलं गाणं आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलं, स्टुडिओ बिडिओ काही नाही. धारावीत आज दहा-बारा वर्षांची पोरं मराठी-हिंदी-तमिळ मिसळून ओळी रचतात. ते ऐकायला धारावीत 'बघायला' म्हणून घुसू नका. छोट्या जागांत ओपन माइक होतात तिथे जा, ओळख झाली की बोलावणं आपोआप येतं.

आणि चौथं, ज्यासाठी मेसारखा महिना नाही: कोळीवाड्यातली हळद. एप्रिल-मे लग्नसराई. वरळी, माहीम, खारदांडा, वेसावे, कुठल्याही कोळीवाड्यात संध्याकाळी सातला चक्कर मारा, एखादी तरी बँजो पार्टी कानावर येईलच. नावात बँजो असला तरी ते वाद्य परदेशी बँजोसारखं अजिबात नाही. टाइपरायटरसारख्या कळांचं, बुलबुलतरंगाच्या घराण्यातलं, विजेवर चालणारं. आवाज इतका तीक्ष्ण की छातीच्या पिंजऱ्यात घुसतो. त्याच्यासोबत ढोल, ताशा, कीबोर्ड, कधी ट्रम्पेट. सगळ्यांच्या मागे हातगाडीवर धडधडणारा जनरेटर, आणि जनरेटरपाशी एक मुलगा, सगळे नाचत असताना डिझेलवर नजर ठेवून बसलेला. आधी कोळीगीत, मग सिनेमाचं गाणं, मग पुन्हा कोळीगीत. म्हाताऱ्या बायका नऊवारीचा काष्टा सावरून मध्ये उतरतात आणि मग तरुण पोरं बाजूला होतात.

मांडवात बोलावल्याशिवाय जाऊ नका, पण रस्त्यावर उभं राहायला कुणाची ना नसते. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा नियम आहे, त्यामुळे पावणेदहाचं शेवटचं गाणं सगळ्यात जोरात असतं. ते चुकवू नका. परतीची काळजी नको, बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकल मध्यरात्रीनंतरही असतात.

पावसाकडे मात्र लक्ष ठेवा. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर झाला. भिंतींसाठी मेचा पहिला पंधरवडा पक्का धरा, हळदीसाठी मुहूर्त बघून ठेवा. आणि हळदीला पांढरा शर्ट घालून जाऊ नका. "लांबूनच बघतोय" म्हणणाऱ्याच्या गालाला खारदांड्याच्या एका काकूंनी दोन्ही हातांनी हळद फासली होती. गाल दोन दिवसांत धुतला गेला, कॉलर अजून पिवळी आहे.